सहाव्या विहिरीचा रकाना

मंगळवार, १७ एप्रिल १९७३

सुमनचा अर्ज परत आला. आमच्या कॉलेजातून विद्यापीठाच्या संशोधन-अनुदानासाठी गेलेला पहिलाच अर्ज, तोही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीचा. दुष्काळात तिच्या गावच्या सहा विहिरींचं पाणी दर आठवड्याला किती खाली जातं, हे ती दोरीनं मोजायची. दोरी मीच दिलेली, हातभरावर एकेक गाठ मारून. पाच रकाने भरले, सहावा कोरा. त्यावरून नामंजूर. आणि अर्ज पाठवताना मार्गदर्शकाच्या शेऱ्यात मीच लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनीची हयगय.’ खरेपणाची केवढी हौस मला!

आज विचारलं, “अगं, तेवढी एक विहीर का सोडलीस?”

“ती वरच्या आळीची हाय, बाई. आमी बौद्ध. आमची दोरी आत पडली की पाणी बाटतं म्हणत्यात.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“तुमाला ठाव असंल, वाटलं.”

ठाऊक नव्हतं का मला? होतं की. दोरी तिच्या हातात देताना आठवलं नाही, कारण मला कधी कुठल्या विहिरीवर कुणी अडवलंच नाही.

अनुदान मिळालं असतं तर ती कॉलेजात टिकली असती. आता उद्यापासून आईबरोबर खडी फोडायला जाणार. जाताना दोरी नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. “दुसऱ्या कुणाला व्हईल,” म्हणाली.

हयगय माझी होती, असं सकाळी विद्यापीठाला कळवीन. पत्र पेटीत पडेल तोवर ती कामावर पोचलेली असेल.