तिकडचं टोक

सोमवार, ४ नोव्हेंबर

बहिणीकडे भाऊबीज उरकून निफाडहून सकाळच्या एसटीने नाशिकला आलो. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला नवाकोरा बंगला, बाहेरून आठ कॅमेरे लावायचे. मालकीण यशश्रीताई पुण्यात असतात. फोनवर म्हणाल्या, मागच्या खोलीत राहा, आठवड्यात काम संपवा. खोलीत पंखा, चोवीस तास पाणी. जावयासारखी बडदास्त आहे, फक्त बोलायला कुणी नाही. सकाळ-संध्याकाळ कुसाबाई झाडांना पाणी घालून जातात, तेवढंच.

मंगळवार, ५

भिंतीवरचे सहा कॅमेरे झाले. उरलेल्या दोघांच्या केबल जमिनीखालच्या पाइपातून न्यायच्या. पाइपात तार आधीच सोडलेली असते. तिला केबल बांधायची, एकाने इकडून सारायची, दुसऱ्याने तिकडून ओढायची. अकरा वर्षं तिकडचं टोक माझ्या कामातल्या जोडीदाराकडे, ललितकडे होतं. उन्हाळ्यात तो काविळीने गेला. तेव्हापासून मीच सारतो, पळतो, मीच ओढतो. आज सवयीने पाइपाला तोंड लावून "ओढ रे" म्हणालो. आधी हसू आलं, मग रडू. काम तसंच ठेवून उठलो.

बुधवार, ६

गेटचा पाइप. पुन्हा तोंडातून "ओढ रे" गेलं आणि केबल हातातून सरकली. वीतभर, मग हातभर. धावत गेटाशी गेलो. कुणी नाही. केबल मात्र बाहेर आलेली, नीट वेटोळं करून ठेवलेली. कुसाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मी नाय बा. आन त्या पाइपात बोलू नको. एकटं मानूस बोललं की कुनीबी ओ देतं."

भ्यायला हवं होतं. मला बरं वाटलं.

गुरुवार, ७

कामाला हात लावला नाही. डबा घेऊन पाइपाजवळ बसलो. बहिणीचं सांगितलं, ललितच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. सहा महिन्यांत एवढं कुणाशी बोललो नव्हतो.

शुक्रवार, ८

मागच्या कोपऱ्याचा पाइप. कोपरा वीस मीटरवर. नव्वद मीटरचं बंडल संपत आलं तरी ओढणं चालूच. "बास" म्हणालो, ऐकलं नाही. शेवटचं हातभर टोक कसंबसं खिळ्याला बांधलं. कोपऱ्यात केबल नाही.

यशश्रीताईंना फोन केला. म्हणाल्या, तिथे पाइप टाकायचा राहूनच गेलाय. भिंतीत नुसतं तोंड बसवलंय.

शनिवार, ९

बॅग भरली. दुपारची एसटी गाठणार.

मागच्या पाइपातून हाक आली. ललितचाच आवाज. "वाल्मीकदादा, आता तू ओढ."

ललित मला कधी दादा म्हणाला नाही. वाल्या म्हणायचा. कळतंय मला. तरी —

थोडं ओढतो, थोडं लिहितो. केबल कोमट लागतेय. जड आहे. एसटी गेली असेल.

कुसाबाई फाटकातून हाका मारतायत, सोड म्हणतायत —

आता तिकडून ओढतंय. हात कोपरापर्यंत आत. पाऊण इंची पाइप, आणि हात —

सोडली तर सुटेन. सोडली तर पुन्हा एकटा. नाही सोड