जेवणाची सावड

चि. नाथाजीस मनुआक्काचा आशीर्वाद,

फोनवर तू 'बरं हाय' म्हणून ठेवतुस, म्हणून लिवतीया.

हितं साताऱ्यात पोरगा-सून दिवसभर कामावर. एकटीला जेवण जाईना, बीपी वाढलं. डॉक्टरीण म्हणली, "आजी, गोळीपरीस माणसं बघा." मग मीच बिल्डिंगीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची दारं वाजवली. म्हणलं, भांगलणीला सावड करत्यात, आज तुझं रान उद्या माझं, तशी जेवणाची करू. आता बीपी उतरलंय. समद्या मला मुकादमीण म्हणत्यात.

कारभारीण गेल्यापास्नं तू उभ्यानंच खातुस म्हणं. वजन किती उतरलं? शेजारचा बिराप्पाबी एकलाच हाय. उद्या त्याला जेवाय बोलीव. परवा तो तुला बोलवंल. सावड कुणी मोडत न्हाई आपल्यात.

तुझी आक्का