जेवणाच्या यादीतली गायब नावं

३ एप्रिल
बाबांचा फोन. वर्ध्याला बॅटरीच्या दुकानात जागा आहे, १४ एप्रिलची जयंती झाली की निघून ये. दिल्लीत मावशीकडे राहून केलंस काय? खरंय. दोन कोर्स, दोन्ही अर्धे. मावशी म्हणाली, "एक काम पूर्ण करून दाखव, मग तुला इथेच राहू द्या म्हणून भाऊजींशी मी बोलते." काम म्हणजे जयंतीच्या जेवणाचं वेबपेज. क्वार्टर्समधल्या प्रत्येक घराने काय आणायचं ते मोबाइलवर निवडायचं. दर वर्षी सगळे पुऱ्या आणतात, भाजी कुणीच नाही.

५ एप्रिल
पेज झालं. बटण निळं. कुठला निळा, यातच दुपार गेली. मग सरोजिनीच्या मार्केटमधे शर्ट बघत फिरलो. घेतला नाही.

७ एप्रिल
लिंक ग्रुपवर टाकली आणि बोंब. पदार्थ बरोबर, नाव गायब. "जय भीम,      ! तुमच्याकडून: पुलाव." यादीतही तेच. समोरच्या क्वार्टरमधल्या मोरे काकूंना वाटलं नोंद झालीच नाही, म्हणून भरतच राहिल्या. पुलाव, मग वांगी, मग खीर. फोनवर म्हणतात, "अरे बाळा, अख्खी पंगत मीच जेवू घालू का?"

८ एप्रिल
कोड असा: सेव्ह झालं की then, म्हणजे 'मग हे चालव', आणि then मधे घर.दाखव. दाखवच्या आत this.name, म्हणजे 'या घराचं नाव'. नुसतं घर.दाखव() चालवलं तर नाव येतं! then मधून गेलं की नाही. एरर पण नाही. लाल अक्षरं आली असती तर सर्च तरी केलं असतं. डोकं फिरलं. हिंदूरावच्या रिजवर, त्या जंगलाच्या टेकडीवर, जाऊन माकडं बघत बसलो.
मावशी: "झालं का?"
मी: "होतंय."
होत नाहीये.

१० एप्रिल
प्रगतीताई आली. मावशीची मुलगी, नोएडात कोडिंगच करते. स्क्रीन बघून हसायला लागली.
"यार, then ला दाखव दिलंस. घर कुठे दिलंस?"
"लिहिलंय की. घर डॉट दाखव."
"त्याने फक्त फंक्शन सापडलं. then च्या हातात तेवढंच गेलं. तो ते नंतर चालवणार, तेव्हा कुठलं घर, त्याला काय माहीत? मग this म्हणजे थेट ब्राउझरची विंडो. आणि विंडोला पण name असतं. रिकामं."
अच्छा! म्हणून एरर नाही. ते रिकामं नाव इमानदारीत छापत होतं.
"आता लिहून देतेस?"
"बिल्कुल नाही. तू लिही."
लिहिलं. then(पदार्थ => घर.दाखव(पदार्थ)). आता फंक्शन घराला धरूनच चालतं. bind(घर) करून, म्हणजे फंक्शन घराशी बांधूनही बघितलं, तेही चालतं. "जय भीम, मोरे काकू!" स्क्रीनवर दिसलं आणि मी ओरडलोच. शेजारचे दार वाजवायला आले.

१४ एप्रिल
भाजी आली!! वांगी, बटाटा, पाटोडी. पुऱ्या मोजक्याच. मोरे काकूंनी फक्त खीर आणली, वाढताना सगळ्यांना सांगत होत्या, "या पोराने बनवलंय हं ते यादीचं पेज." खूप जेवलो.

१५ एप्रिल
सकाळी मावशी बाल्कनीतून फोनवर. "भाऊजी, या वेळी पूर्ण केलंय त्याने. मी स्वतः बघितलं." मग बराच वेळ नुसतं हं, हं. एकदा हसली.
बॅग पलंगाखाली आहे. भरली पण नाहीये, आणि भरावीच लागू नये असं...
मावशी हाक मारतेय. बाबांना माझ्याशीच बोलायचंय.