मोर्णाचा भाव

४ जानेवारी, रविवार, सकाळी ७

ठरलं. अकोल्याची स्वतःची ब्लॉकचेन. नाव आमच्या नदीवरून मोर्णा चेन, नाणं मोर्णा.

हा निर्णय रागात घेतलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. काल माझ्या साडूने, म्हणजे अमरावतीच्या अश्विनने, फॅमिली ग्रुपवर तिथल्या तलावाच्या नावाने त्याची 'वडाळी चेन' सुरू झाल्याचं टाकलं. खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक अंगठा माझ्या बायकोचा! या अश्विनला माऊस धरायला मी शिकवलं, माझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये. उलटा धरायचा.

तत्त्व सोपं. चेन म्हणजे एकच नोंद सगळ्यांच्या फोनमध्ये. नोंद खरी की खोटी, हे निम्म्याहून जास्त नाणी ज्यांच्याकडे, ते ठरवणार. हे अश्विनच्या प्रेझेंटेशनमधून घेतलेलं नाही. त्यातही योगायोगाने असंच लिहिलंय.

शंभर मोर्णा काढले. चाळीस मला. वीस आईला, वीस पौर्णिमाला, वीस शेजारच्या गोपालरावांना. फुकट. सगळी सत्ता एकाच्या हाती असणं मला मान्य नाही. मी लोकशाहीवाला माणूस आहे. पौर्णिमाने विचारलं, याचं करायचं काय? म्हटलं, सांभाळ, सोनं आहे.

११ जानेवारी, रविवार

संताप. नुसता संताप.

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका हॉटेलात एका वडाळीला एक कचोरी मिळते म्हणे. ग्रुपवर कचोरीचा फोटो. अश्विन त्या हॉटेलवाल्याचा कम्प्युटर फुकटात दुरुस्त करतो म्हणून मिळते! हा काय बाजारभाव झाला? ही लबाडी झाली.

मी कोपऱ्यावरच्या टपरीवर एका मोर्णाला अर्धा चहा मागितला. टपरीवाला म्हणाला, "साहेब, सकाळी सकाळी मजाक नोका करू."

घरी येऊन भाव जाहीर केला: एक मोर्णा, एक कप चहा. पौर्णिमा म्हणाली, "आदी दूधवाला मोर्णा घेते का ते इचारून या." गोपालरावांनी वीसच्या वीस परत करता येतील का म्हणून चौकशी केली. फोनमधी जागा अडते म्हणे. या गावात काही नवीन करू नये. बी पेरलं की पहिला शेजारी येतो उपटायला.

१८ जानेवारी, रविवार

सुरक्षा पक्की केली. कम्प्युटरच्या खोलीला दोन कुलपं. वायफायचा पासवर्ड इतका कठीण ठेवला की मलाही आठवत नाही.

नेमका आज अश्विन आला, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला. (मीच नेणार होतो. कुलपं आणायला गेलो.) त्याला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. हॉलमध्ये बसून पोहे खाता खाता मलाच शिकवायला लागला. "भाऊ, चेनले कुलूप लागत नाई. नाणं महाग असलं तं अर्ध्याहून जास्त इकत घेणं कोणाच्या बापाले परवडत नाई, म्हणून ते चेन टिकते. टिकते म्हणून लोकं येतात, लोकं येतात म्हणून अजून महाग होते. तुमचं नाणं फुकट हाय. कोणीबी उचलून नेईन."

माझं डोकंच फिरलं. सांगून टाकलं, माझी माणसं विकाऊ नाहीत. तो हसला. आईही हसली. डोळ्यांत थेंब घातले होते, तरी हसली.

२५ जानेवारी, रविवार. मूर्तिजापूरहून परत

मूर्तिजापूर अकोला-अमरावतीच्या बरोबर मध्ये पडतं, म्हणून तिथल्या तूरवाल्या शेतकऱ्यांच्या गटाने आम्हा दोघांना बोलावलं होतं. कोणती तूर कोणत्या वावरातली, याच्या नोंदी त्यांना चेनवर हव्यात. दोनपैकी एक चेन निवडणार.

मी पाऊण तास बोललो. सरस बोललो. मग गटाचे पुंजारामभाऊ म्हणाले, "कोणी मोर्णा जमा करून आमच्या नोंदी फिरवल्या तं?" म्हटलं, त्यासाठी आधी मोर्णा विकत घ्यावे लागतील. म्हणाले, "मंग भाव काय मोर्णाचा?"

मी म्हणालो, भाव ही दीर्घकालीन गोष्ट आहे.

वडाळी निवडली! कारण काय, तर तिथं निदान कचोरी तरी भेटते. ब्लॉकचेनचं भवितव्य कचोरीवर ठरवणारे हे लोक! परतीच्या गाडीत अश्विनने मला खिडकीची जागा दिली. मी घेतली नाही. अमरावतीकडे जाणारा माणूस अकोल्याच्या गाडीत चढलाच कशाला, असं विचारलं. म्हणे, तुम्हाला सोडायला चढलो, आता उतरतो.

चूक सापडली. मी अर्धवेळ काम करतोय. मोर्णाला पूर्ण वेळ माणूस हवा.

३१ जानेवारी, शनिवार

राजीनामा दिला.

लॅबमधली तेवीस वर्षांची परमनंट नोकरी. आणि राजीनामाही कागदावर नाही, मोर्णा चेनवर! जगातला पहिला असावा. प्राचार्य मॅडमना फक्त लिंक पाठवली. त्या म्हणाल्या, नऊ तारखेला सगळ्यांसमोर उघडू, तिथं असेल तर मंजूर करू. म्हटलं, असणारच. चेनवर गेलेलं पुसता येत नाही, तीच तर गंमत आहे.

संध्याकाळी आई म्हणाली, "तुह्या बापानं दुसऱ्याच्या वावरात राबून तुले शिकवलं. शिकला म्हणून खुर्ची भेटली. ते खुर्ची तू फोनमंदी फेकून देतं?" पौर्णिमा स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

वाईट वाटलं. नाही असं नाही. पण मोठी माणसं घरात कळत नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

पौर्णिमाचा राग गेला! स्वतःहून अंगणात गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजले. वांग्याची भाजी, वरण, वर तूप. गोपालरावांना बोलावलं, अमरावतीहून तिची बहीण प्रियदर्शनी आणि अश्विनसुद्धा. माझ्या नव्या आयुष्याचा सोहळाच. मी पाच रोडगे खाल्ले. डोळे भरून आले, धुरानेही.

जेवणानंतर अश्विन आईला फोनमध्ये काहीतरी दाखवत होता. त्याच्या पोरांचे फोटो असतील. मी तरीही सावध. दोनदा जाऊन कुलपं ओढून पाहिली. पक्की.

९ फेब्रुवारी, सोमवार

हल्ला!!

मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर लिंक उघडली. राजीनामा नाही. त्या जागी माझ्या नावाची एकच नोंद: 'देवमन कामावर आहेत.' खाली, बाजूने साठ, विरोधात शून्य. मॅडम म्हणाल्या, "छान. तेवढा प्रोजेक्टर बघता का?"

रागाने कान तापले. पायऱ्यांवरूनच अश्विनला फोन लावला. चोर, लबाड, जे सुचलं ते बोललो. तो म्हणाला, "भाऊ, मी फकस्त बटन कुठं दाबाचं ते दाखवलं. मोर्णा ताईनं इकत घेतले."

ताईने. म्हणजे माझ्या बायकोने!

घरी गेलो, ओरडलो. पौर्णिमाने सरळ हिशेब सांगितला. तिचे वीस तिच्याकडे होतेच. गोपालरावांनी त्यांचे वीस दोन रोडग्यांना दिले, वर आभार मानले. आईने एका रोडग्याला दिले. "तेवढाच खाऊ शकते मी," म्हणाली, "भाव चांगला भेटला."

तीन रोडग्यांत माझी चेन गेली. म्हणजे मोर्णाला अखेर बाजारभाव मिळाला, हेही खरं. पण हा काय मिळायचा दिवस होता?

१० फेब्रुवारी, मंगळवार

ती नोंद खोडायचा प्रयत्न केला. होत नाही. माझ्याकडे चाळीसच आहेत.

सकाळी पौर्णिमासमोर प्रस्ताव ठेवला: अकरा मोर्णा परत विक, म्हणशील तो भाव. तिने डबा भरला, त्यात कालपरवाचा उरलेला रोडगा कुस्करून तूप-गूळ घातला, झाकण लावलं आणि हातात दिला.

"तुमी रिटायर होईस्तोवर इकत नाई," म्हणाली. "निंगा आता. दहा वाजून रायले."

प्रोजेक्टर दुरुस्त केला. वायर सैल होती.