पिवळं बदक आणि माझी सही

४ जुलै
लेकीला बारावीच्या केमिस्ट्रीचा प्रोजेक्ट करायचा आहे. रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये घातक पदार्थ शोधायचे. वस्तू कोणती, ते आपणच ठरवायचं. खेळण्यांच्या कारखान्याचा क्वालिटी इन्चार्ज, म्हणजे मी, घरात बसलेला असताना ही इंटरनेटवर विषय शोधत होती! लॅपटॉप मिटला. म्हटलं, हे माझ्यावर सोड. म्हणाली, बाबा, प्रोजेक्ट माझा आहे. पोरकट आहे अजून.

५ जुलै, सकाळी ७
संकल्प: आठ दिवसांत विषय, महिन्यात निष्कर्ष, मग पेपरात फोटो. (लेकीचा. मी मागे उभा.)
पहिली निवड दूध. दूधवाल्याला कुणकुण लागली. म्हणाला, साहेब, उद्यापासून दुसरीकडून घ्या. विषय रद्द. घाबरलो वगैरे नाही. दूध फार चावून चोथा झालेला विषय आहे.

८ जुलै
लिपस्टिक. बायकोने पर्स छातीशी धरली. आधी तुमच्या केसांचा डाय तपासा म्हणाली. मी डाय लावत नाही. अधूनमधून रंग सावरतो. विषय रद्द.

११ जुलै
सुचलं! खेळण्यांचा रंग. पोरं खेळणी तोंडात घालतात. रंगात शिसं असेल तर थेट मेंदूवर परिणाम. बाजारातली पाच खेळणी घ्यायची आणि सहावं आमच्या कारखान्याचं पिवळं बदक. तुलनेला काहीतरी निर्मळ हवंच. लेकीने विचारलं, तुमचं निर्मळ कशावरून? टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स हातात ठेवली. ‘शिसे: आढळले नाही.’ खाली माझी सही. ती सही निरखून पाहत राहिली. आदर वाटला असावा.

१९ जुलै
कॉलेजच्या लॅबमध्ये टेस्ट झाली. रंग खरवडायचा, ॲसिडमध्ये विरघळवायचा, त्यात आयोडाइड टाकायचं. तळाशी पिवळा साका बसला की शिसं आहे. बाजारातली पाचही खेळणी पास. बदक नापास.
कारण उघड आहे. परीक्षानळी नीट धुतलेली नसणार.

२० जुलै
जातीने कॉलेजात गेलो. केमिस्ट्रीच्या मॅडमनी नवी नळी घेऊन माझ्यासमोर तीनदा टेस्ट केली. तिन्ही वेळा पिवळं धमक. म्हटलं, अहो, बदकच पिवळं आहे, साका काय निळा येणार? मॅडमनी बाजारातल्या खेळण्यातल्या पिवळ्या ट्रकची नळी दाखवली. पाणी नितळ. लेक मान खाली घालून नोंदी करत होती.
मॅडम म्हणाल्या, तुमच्या कारखान्यातल्या टेस्टिंग मशीनवर शिशाचा आकडा किती आला होता? उद्या सांगतो म्हटलं.

२१ जुलै, दुपारी
मशीन सापडलं. स्टोअरमध्ये आहे. त्यावर सगळे जेवणाचे डबे ठेवतात. मीही. वायर कोणीतरी पंख्याला लावली आहे. दीड वर्ष झालं म्हणे. क्लार्क जुन्या रिपोर्टवरची तारीख बदलतो आणि मी सही करतो. ही पद्धत मी सुरू केलेली नाही. मी फक्त तिला शिस्त लावली.
कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. म्हणाले, रंगाचा सप्लायर बदलल्यापासून सह्या तुमच्याच आहेत ना? मग अडलंय कुठे?
संकल्प: उद्या माल थांबवायचा. काय वाट्टेल ते होवो.

२२ जुलै
माल थांबवला नाही. माल न्यायला ट्रक लवकर आला होता.

२५ जुलै
लेकीने विचारलं, माल थांबवलात का? म्हटलं, या गोष्टी टप्प्याटप्प्याने होतात. पहिला टप्पा कोणता, असं विचारत होती. अभ्यासाला बस म्हटलं.

३० जुलै
प्रोजेक्ट कॉलेजात पहिला. विषय कोणाचा, हे मी ऑफिसात कोणालाही सांगितलेलं नाही. प्रसिद्धीचा मला मुळातच तिटकारा आहे.

४ ऑगस्ट
सरकारी इन्स्पेक्टर आले. गोदामाला सील लावलं. साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, क्वालिटीचं सगळं हेच बघतात. दीड वर्षात पहिल्यांदाच माझ्या पदाचा इतका स्पष्ट उल्लेख झाला. मी विचारलं, तक्रार कोणी केली? इन्स्पेक्टरनी अर्ज पुढे केला. अक्षर ओळखीचं. कंपनीशी संबंध, या रकान्यात लिहिलं होतं: क्वालिटी इन्चार्जची मुलगी.
घरी आलो. तिनेच जेवायला वाढलं. म्हणाली, बाबा, अर्ज द्यायच्या आधी मी दहा दिवस वाट पाहिली.
कशाची, ते मी विचारलं नाही.