काचेसारख्या स्वच्छ पाण्याबद्दल

खाली सही करणारी मी, वय सेहेचाळीस, अविवाहित, रंगाच्या कारखान्यातील रसायनतज्ज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. बाकीचे काय काय शाबूत आहे ते मी त्यांना विचारले नाही. येत्या गुरुवारी माझ्या मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर, दोन खोल्या आणि गच्चीचा अर्धा भाग, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, एकटीला मिळावा. तिचे यजमान, ज्यांना मी भाऊजी म्हणते आणि जे आमच्या कारखान्याचे मॅनेजर आहेत, त्यांचा त्यावर काडीचाही हक्क नसावा. स्वयंपाकघराची एक भिंत त्यांनी हौसेने आमच्याच पिवळ्या रंगाने रंगवून दिली होती. ती आधी ओली करून मग खरवडावी, आणि खरवडणाऱ्याने तोंडाला जाड फडके बांधावे. तीन वर्षे मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवते आहे. तो रंग दिसला की घास तोंडातच फिरत राहतो.

२. बँकेत जे असेल तेही ताईला.

३. माझी ब्युरेट, परीक्षानळ्यांचा स्टँड आणि भिंतीवरचा द्राव्यतेचा तक्ता कॉलेजच्या प्रयोगशाळेतील अटेंडंटकाकांना द्यावा. कोणते दोन क्षार पाण्यात एकत्र केले तर जोड्या बदलून साका बसेल आणि कोणते गुपचूप विरघळून राहतील, हे तो तक्ता सांगतो. प्राध्यापकांनी तो पाठ करून घेतला. काकांनी मात्र नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "थेंब थेंब घाल गं. दारात आलेला पाहुणा जास्त आग्रहाने माघारी जातो." शिश्याच्या क्षारात कॉस्टिक सोडा घातला की पांढरा साका बसतो. घालतच राहिले तर तोच साका पुन्हा विरघळतो आणि पाणी नितळ दिसते. शिसे असते तिथेच असते. मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही.

४. माझ्या बावीस डायऱ्या ताईने वाचाव्यात, मग जाळायच्या तर जाळाव्यात. वाचायचा कंटाळा आला तर निदान तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीच्या आदल्या दिवसाचे पान वाचावे. पिवळा रंग काढून घेतल्यावर उरलेले शिसेवाले पाणी आम्ही हौदात घेतो, कॉस्टिक घालून शिसे खाली बसवतो आणि वरचे पाणी मागच्या चरात सोडतो. त्या पानावर मी लिहिले आहे: "हौद गढूळ आहे. उद्या कोणी घाईत जास्त कॉस्टिक ओतले तर साका विरघळेल." भाकीत तंतोतंत खरे ठरले. सकाळी भाऊजींनी दोन पिंपे जास्त ओतायला लावली. गढूळपणा बघता बघता गेला.

"बघ, झालं की नाही काचेसारखं?" ते म्हणाले. "तुझं आपलं उगाच पुस्तकी."

तपासणी रजिस्टरात रकाना असतो: 'पाण्यात साका आहे का?' मी 'नाही' लिहिले आणि सही केली. वाक्य खरे होते. त्या खरेपणाची मला जितकी किळस येते तितकी उघड खोटेपणाची आली नसती. तेव्हापासून हौद गढूळ झाला की जास्त कॉस्टिक ओतायचे, ही आमची पद्धतच झाली. आठवड्याला एक, अशा माझ्या एकशे छप्पन्न सह्या आहेत. मी मोजल्या आहेत.

५. भाऊजींना माझे रबरी बूट द्यावेत. त्यांच्या मापाचे नाहीत. हौदात ते कधी उतरलेच नाहीत, तेव्हा अडचण होऊ नये. स्वतःपेक्षा त्यांचा मला राग कमी येतो, हे मी तपासून पाहिले आहे. त्यांना रसायनशास्त्र येत नाही.

६. कपाटाच्या खालच्या खणात मेणाने बंद केलेल्या अकरा बाटल्या आणि त्यांच्या निकालांची वही आहे. चरापलीकडे लाँड्री आहे. तिथल्या मावशी त्यांच्या विहिरीचे पाणी दीड वर्षापूर्वी बाटलीत भरून माझ्याकडे घेऊन आल्या. नातीचे पोट सारखे दुखते, ती पांढरीफटक पडली आहे, म्हणाल्या. "तुम्ही शिकलेल्या. बघा बरं काय आहे यात." मी बाटली उजेडात धरली आणि पाणी स्वच्छ दिसते आहे, असे सांगितले. त्या निघून गेल्यावर थोडे पाणी काढून त्यात सल्फाइडचे दोन थेंब टाकले. पाणी चहासारखे तपकिरी झाले, म्हणजे शिसे होतेच. पुढे दहा वेळा मीच गुपचूप नमुने आणले. दहाही वेळा तेच. या बाटल्या आणि वही माझ्या मृत्यूनंतर मावशींना द्यावी. भाऊजींच्या हाती लागू देऊ नये, ते बेसिनमध्ये ओततील.

दुरुस्ती, दुसऱ्या दिवशी सकाळी:

कलम सहा रद्द. काल ते स्वच्छ अक्षरात उतरवून काढताना 'माझ्या मृत्यूनंतर' या शब्दांवर पेन थांबले. मी गुरुवारी न मेल्यास ती मुलगी आणखी किती वर्षे ते पाणी पिणार, याचे भाकीत करायला तक्ता लागत नाही. सगळी तजवीज माझ्या सोयीची होती. बोलणी खायला मी असणार नव्हते.

आज सात वाजता बाटल्या आणि वही लाँड्रीत नेऊन दिल्या, आणि पाणी आजपासून कोणी प्यायचे नाही, हे आधी सांगितले. मावशींनी इस्त्री बाजूला उभी केली.

"कधीपासून माहिती होतं?"

"दीड वर्ष."

त्या आत गेल्या. माठ मोरीत उपडा केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाल्या, "सोमवारी नातीला घेऊन मोठ्या दवाखान्यात जाऊ. तिथून पाणी खात्याच्या कचेरीत. हे सगळं तिथे तुमच्या तोंडानं सांगायचं." मी हो म्हटले. शस्त्रक्रियेच्या आधी तीन दिवस मोकळे आहेत.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले होते. मावशींना आता यातून काहीच मिळत नाही. मी त्यांना सही मागितली. त्या म्हणाल्या, आधी सगळे वाचून दाखवा. दाखवले. रबरी बुटांपाशीसुद्धा त्या हसल्या नाहीत. माझ्या सहीनंतर बोलावून आणलेल्या तळमजल्यावरच्या कंपाउंडरांनी सही केली, मग मावशींनी केली, आणि आपल्या सहीखाली स्वतःहून एक ओळ लिहिली. ती कोणी खोडू नये.

स्थळ: लाँड्रीचे काउंटर
दिनांक: सतरा मार्च, शनिवार

लिहून देणार: (सही) रसायनतज्ज्ञ

साक्षीदार एक: (सही) तळमजल्यावरचे कंपाउंडर

साक्षीदार दोन: (सही) लाँड्रीवाल्या मावशी
सगळं ऐकलं. माफ केलेलं नाही.