डाव्या काचेचे उपकार

प्रिय ठोंब्या,

पत्र उलटसुलट करून पाहू नकोस, लाल शाई नाही. दोन वर्षांपूर्वी तू शिडीवरून पडलास, खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचलास, आणि ‘देवाचे उपकार’ म्हणून चार पानं लिहून कळवलंस. मी त्यातल्या एकोणतीस चुका दुरुस्त करून पत्र तुलाच परत पाठवलं. जन्म मुद्रितशोधनात गेला, हाताला दुसरं वळणच नाही. वर समासात लिहिलं, ‘देवाला वाळू टाकता येते, तर शिडी धरता येत नव्हती?’ त्यानंतर तुझं पत्र नाही. बरोबरच आहे म्हणा.

मी ठीक आहे. म्हणजे परवा सकाळी चष्म्यावर बसले. चष्मा खुर्चीत ठेवू नका, हे आई जन्मभर सांगत आली. तिला वाटायचं, ऐकत नाहीस तो तू. डावी काच तडकली. दुपारपर्यंत छापखान्यात प्रुफं द्यायची होती, म्हणून तिच्यावर पुठ्ठा चिकटवला आणि एकट्या उजव्या डोळ्याने बसले. तर शब्दाशब्दातलं मधलं अक्षर गायब! आधी जुळणी करणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. संस्कृतात, म्हणजे पाप लागत नाही. मग पुठ्ठा काढला. अक्षरं जागच्या जागी. पुन्हा लावला, गेली. दाराकडे पाहिलं, तर चौकटही मध्येच वाकलेली. तेव्हा मात्र प्रुफं तशीच टाकून डोळ्यांचा दवाखाना गाठला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या निम्म्या वयाच्या. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलंय म्हणाल्या. इतके दिवस डावा डोळा सांभाळून घेत होता, म्हणून कळलं नाही. ‘आणि आजी, आणखी सहा महिने गेले असते तर फारसं काही हाती राहिलं नसतं,’ असंही म्हणाल्या. ‘आजी’ हा शब्द मी दुरुस्त केला नाही, यावरून माझी अवस्था ओळख.

शस्त्रक्रिया येत्या सोमवारी. दृष्टी परत येईलच, असं त्या छातीठोकपणे सांगत नाहीत.

नवी काच बसवली. जुनी मेजावर ठेवलीय. येता-जाता तिच्याकडे बघते. न्यायशास्त्र घोकलं, कार्याला कारण लागतं एवढं कळतं. पण त्याच सकाळी चष्मा खुर्चीत कुणी ठेववला, इथे माझा तर्क बसकण मारतो. आता कळलं का ताई, असं तू विचारशील. कळलं नाही, बाबा. पण समासातलं ते वाक्य मागे घेते.

शस्त्रक्रियेत डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात, तो पडद्याला टेकून राहावा म्हणून नंतर दहा दिवस पालथं पडून राहायचंय, नाक उशीत खुपसून. जिने कुठल्या देवापुढे मान लववली नाही, तिला एकदम दहा दिवसांचं साष्टांग! हस पोटभर. आणि हसून झालं की रविवारी ये. डोळ्यात थेंब घालायला शेजारीण तयार आहे, त्यासाठी नकोस. मला भीती वाटतेय, आणि ते शेजारणीला सांगता येत नाही. ते पत्र फाडलं नसशील तर घेऊन ये. मी पडल्या पडल्या ऐकेन. जसं लिहिलं होतंस तसंच वाच, एकोणतीस चुकांसकट.

तुझीच खोडकाढी
ताई